फाशी रद्द करणारं विधेयक आणा: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेत गेलेले १९ सन्माननीय सदस्य,
संसद भवन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. आपल्याकडे एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. फाशीची शिक्षा देशभरात कायद्याने रद्द करणारं विधेयक संसदेत मांडा, आणि दुसऱ्या कोणी मांडलं तर पक्ष न पाहता त्याच्या बाजूने उभे राहा.

हे वाचताच आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर कोपर्डीचं नाव येईल, बदलापूरचं येईल, २६/११ चं येईल. मीही याच राज्यात राहते. कोपर्डीनंतर निघालेल्या मोर्च्यांत आमच्या घरातल्या बायका होत्या, आणि 'फाशी झालीच पाहिजे' म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. ज्या आईची मुलगी गेली तिने फाशी मागितली, तर तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला नाही. पण आपण त्या आईच्या जागी नाही आहात. आपण कायदा करणारे आहात. गुन्हेगाराची लायकी काय, एवढ्यावर आपलं काम भागत नाही. आपले पोलीस, आपले सरकारी वकील, आपली न्यायालयं यांच्या हातात माणसाचा जीव द्यावा इतक्या त्या बिनचूक आहेत का, हे आपल्याला ठरवायचं आहे. उत्तरासाठी लांब जायला नको. नाशिक, पुणे आणि मुंबई एवढ्या तीन ठिकाणच्या फाइली पुरेशा आहेत.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. ऐकवत नाही असा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाचा शिक्का उमटला होता. त्यापुढे उरतात ते फेरविचाराचे आणि दयेचे अर्ज.

मग हे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण असं, की त्या रात्रीतून जिवंत वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईंनी पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. तसा जबाब होता, कागद होता. त्या चौघांना अटकच झाली नाही, आणि सरकार पक्षाने तो कागद न्यायालयापुढे येऊ दिला नाही. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर? ती फाइल पुन्हा कोणीही उघडली नसती. आणि ज्या कुटुंबातले पाच जण गेले, त्यांना तरी काय मिळालं? खरे गुन्हेगार कोण हे आजही ठरलेलं नाही. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की बरोबर माणसाचा शोध थांबतो, हे आमच्या कामात आम्ही नेहमी पाहतो. सभेतल्या भाषणात मात्र ते कधी येत नाही.

आता पुणे. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूड भागातल्या एका घरात सात माणसं मारली गेली. पुणेकरांना ते प्रकरण अजून आठवतं. राजस्थानातून पकडून आणलेल्या एकाला १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि फेरविचार अर्जही फेटाळला. त्याच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी आहे, हे न्यायालयाने २७ मार्च २०२३ ला मान्य केलं. त्या तारखेनुसार गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. त्या वयाच्या बालगुन्हेगाराला आपला कायदा जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवतो. हा अठ्ठावीस वर्षं तुरुंगात राहिला, त्यातली जवळजवळ पंचवीस डोक्यावर फाशी घेऊन. तीन पातळ्यांवरच्या न्यायाधीशांच्या नजरेखालून ही फाइल गेली, आणि समोर उभा असलेला आरोपी गुन्ह्याच्या वेळी सातवीच्या वयाचा पोरगा होता हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. न्यायाधीश दुष्ट होते म्हणून हे घडलं असं मी म्हणत नाही. परप्रांतातल्या, गरीब, स्वतःच्या वयाचा कागद स्वतः मिळवू न शकणाऱ्या आरोपीच्या बाबतीत ते सहज घडू शकतं.

तिसरं प्रकरण सर्वात नाजूक आहे आणि अजून संपलेलं नाही, म्हणून शब्द जपून वापरते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांमध्ये स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशीच्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये कोविडने तुरुंगातच गेला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांमध्ये सारखाच मजकूर होता, ओळख परेड घेणाऱ्याचा अधिकारच संपलेला होता, अशा गोष्टी त्या निकालात आहेत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. शेवटचा निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. मात्र एकाच पुराव्यावर एका न्यायालयाला फास योग्य वाटला आणि वरच्या न्यायालयाला गुन्हाच सिद्ध झालेला दिसला नाही, एवढं तर आपल्या सगळ्यांसमोर घडलं आहे.

ही अपवादात्मक उदाहरणं आहेत असं कोणी म्हणेल, म्हणून खालच्या कोर्टात शिक्षा ठरते कशी ते सांगते. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकलं पाहिजे असा कायदा आहे. प्रत्यक्षात अनेकदा त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, न्यायाधीश आरोपीला पुढे बोलावून विचारतात: शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? आपण खुनी ठरलो हे त्याला तासाभरापूर्वी कळलेलं असतं. तो हात जोडतो. 'साहेब, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत.' लघुलेखक ते एका ओळीत टिपून घेतो. सरकारी वकील फाशीसाठी लागणारे 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे शब्द उच्चारतात, गुन्हा किती अमानुष होता ते पुन्हा सांगतात. विधिसेवा प्राधिकरणाने दिलेला वकील दोन निवाड्यांची नावं घेतो आणि 'दया दाखवावी' म्हणून खाली बसतो. हा माणूस कुठे वाढला, त्याच्या डोक्यावर कधी मार बसला होता का, तुरुंगात त्याची वागणूक कशी आहे, यातलं काहीही कोणी गोळा केलेलं नसतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती मागवायलाच हवी असे दंडक घालून दिले. ते कोर्टाच्या भिंतींपर्यंत झिरपायला किती वेळ लागतो, हे ज्यांनी जिल्हा न्यायालयं पाहिली आहेत त्यांना माहीत आहे.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या संशोधन गटाने (पुढे तो प्रकल्प ३९ए या नावाने ओळखला गेला) देशभरातल्या फाशीच्या कैद्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून २०१६ मध्ये अहवाल काढला. चारातले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. चारातले तीन मागास वर्गांतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. आणि खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. उरलेल्या पंच्याण्णवांत जन्मठेप झाली, सुटका झाली किंवा खटला परत पाठवला गेला. शंभरात पंच्याण्णव वेळा ज्याचा निर्णय वर जाऊन बदलतो, त्या व्यवस्थेला आपण 'दुर्मिळातील दुर्मिळ' कसोटी म्हणतो. १९८० च्या बचन सिंग निकालाने ही कसोटी दिली तेव्हा न्यायमूर्ती भगवती वेगळे पडले. कोणाला फाशी होईल हे खंडपीठात कोण बसलं आहे त्यावर ठरेल, असं त्यांनी बजावलं होतं. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला कबूल करावं लागलं, की आपल्याच काही निकालांत बचन सिंग नीट पाळला गेला नव्हता. त्यानंतर २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना कळवलं, की अशा चुकीच्या आधारावर तेरा जणांना फाशी सुनावली गेली. त्याच चुकीतून राजस्थानात दोघांना १९९६ आणि १९९७ मध्ये प्रत्यक्ष फासावर चढवलं गेलं होतं. त्या दोघांसाठी कोणत्या न्यायालयात अपील करायचं?

न्यायालयं हळूहळू सुधारतील, संसदेने घाई कशाला करायची, असं एक म्हणणं मी बार रूममध्ये नेहमी ऐकते. मला ते पटत नाही. न्यायालयं चाळीस वर्षांहून जास्त काळ सुधारत आहेत. दयेचा अधिकार राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे आहे, पण तो सरकारच्या सल्ल्याने चालतो आणि सरकारं बदलली की त्याचा कलही बदलतो. उलट संसद या काळात विरुद्ध दिशेने गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडबळी आणि संघटित गुन्हेगारीसारख्या नव्या कलमांतही फाशी आली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने दयेच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत घातली आणि राष्ट्रपतींच्या निर्णयावर दाद मागता येणार नाही असं लिहिलं. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये एकमुखाने शक्ती विधेयक मंजूर केलं. त्यातही फाशी होती, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा झाला नाही. गुन्हा घडला की शिक्षा वाढवायची, ही सवय सर्वच पक्षांना जडली आहे.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रुळांवर उतरले आणि फाशीची मागणी झाली. संताप कशातून आला होता ते आठवा. चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. तिथे कमी पडली ती शिक्षेची तीव्रता नव्हती. दार ठोठावल्यावर आत घेणारं कोणी नव्हतं. विधि आयोगानेही २०१५ मध्ये हेच म्हटलं, की जन्मठेपेपेक्षा फाशीने जास्त जरब बसते याचा पुरावा नाही, आणि फाशीच्या चर्चेत तपास, पोलीस, पीडितांचं पुनर्वसन हे सगळं मागे पडतं. मनोधैर्य योजनेचे पैसे मिळवायला पीडितेच्या घरच्यांना किती खेटे घालावे लागतात, हे आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या वकिलाला विचारून पाहा.

पीडितांच्या कुटुंबांना फाशीतून न्याय मिळतो, हा युक्तिवाद मी सर्वात गंभीरपणे घेते. म्हणून दोन प्रकरणं पाहा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये ती कायम झाली. सरकारने दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं घालवली आणि त्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या २००७ च्या खुनातही तसंच झालं. दयेचा अर्ज फेटाळल्यावर सरकारने फाइल हलवली नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्या घरांना वर्षानुवर्षं 'आता फाशी होणार' म्हणून जागं ठेवलं, दर सुनावणीला जखम उघडी केली आणि शेवटी हातात जन्मठेपच ठेवली. तीच जन्मठेप, सुटकेची मुदत ठरवून, पहिल्याच निकालात मिळाली असती तर त्यांना आपलं आयुष्य पुन्हा सुरू तरी करता आलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी संसदेत कोणी फारशी बोलत नाही. २००५ मध्ये पोर्तुगालने अबू सालेमला आपल्या ताब्यात दिलं, ते त्याला फाशी देणार नाही या भारत सरकारच्या लेखी हमीवर. पोर्तुगालने खुनासारख्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच बंद केली आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा न्यायालयाने १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी सालेमला जन्मठेप दिली आणि त्याच खटल्यात त्याच दिवशी इतर दोघांना फाशी सुनावली. हा योगायोग नाही. आपल्या प्रत्यार्पण कायद्यातच कलम ३४सी आहे. ज्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नाही, तिथून आणलेल्या आरोपीला इथेही फक्त जन्मठेप. म्हणजे फाशी न देताही न्याय होऊ शकतो हे भारताने कायद्यात मान्य केलेलं आहे, मात्र ते परदेशात पळून जाऊ शकलेल्यांसाठी. नाशिकच्या त्या सहा जणांकडे पळून जायला लिस्बन नव्हतं.

बाबासाहेबांचं मतही आपल्यासमोर ठेवते. ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावं का, यावर चर्चा चालू होती. त्या वेळी डॉ. आंबेडकर म्हणाले, की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन, आणि अहिंसा मानणाऱ्या या देशाने तेच करणं योग्य. १९५८ मध्ये राज्यसभेत पृथ्वीराज कपूर यांनी फाशी रद्द करण्याचा ठराव मांडला होता. चर्चा झाली, ठराव मागे घेतला गेला. १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात विधि आयोगाने फाशी ठेवा म्हटलं. २०१५ च्या २६२ व्या अहवालात, न्यायमूर्ती अजित शाह यांच्या अध्यक्षतेखाली, त्याच आयोगाने दहशतवाद आणि युद्धविषयक गुन्हे वगळून फाशी रद्द करा म्हटलं. शाह आमच्या सोलापूरचे, म्हणून मला त्याचा अभिमान आहे. त्याच सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. आम्ही त्यांचे पुतळे उभारले, पण माणसं परत आली नाहीत.

दहशतवादाचा अपवाद मला मान्य नाही, आणि ते मी स्पष्ट लिहिते. जिथे लोकक्षोभ सर्वात मोठा, तपासावर दबाव सर्वात जास्त, आणि मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या) कायद्याखाली पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, तिथेच चूक होण्याची शक्यता सर्वात जास्त असते. लोकलस्फोटांच्या खटल्याने हे दाखवून दिलं आहे. कसाबसारखं प्रकरण, जिथे शंकेला जागाच नव्हती, ते शंभरांत एखादं. कायदा मात्र त्या एकासाठी लिहिता येत नाही, उरलेल्या सर्वांना तोच लागू होतो. तरीही आयोगाने सुचवलेलं अर्धंच विधेयक आलं, तर त्याला विरोध करू नका. ते मंजूर करा आणि उरलेल्यासाठी पुढच्या अधिवेशनात पुन्हा उभे राहा.

विधेयकात काय असावं याबद्दल माझी भूमिका साधी आहे. न्याय संहिता, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा), यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा), अमली पदार्थ कायदा आणि सैन्यविषयक कायदे या सगळ्यांत जिथे फाशी आहे तिथे जन्मठेप घालावी. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे मकोकासारख्या राज्याच्या कायद्यांनाही संसदेचा कायदा लागू करता येईल. सर्वात भीषण गुन्ह्यांत पंचवीस किंवा तीस वर्षं माफी नाही, अशी जन्मठेप देण्याचा अधिकार सत्र न्यायालयांना द्यावा. आज तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांकडे आहे, आणि खुनाच्या खटल्यात खालच्या न्यायाधीशाला चौदा वर्षांनी सुटका होऊ शकणारी जन्मठेप किंवा फाशी एवढे दोनच पर्याय दिसतात. यातून किती फाशी सुनावल्या जातात ते मी जवळून पाहते. कायदा लागू होण्याच्या दिवशी फाशी यार्डात असलेल्या प्रत्येकाची शिक्षा आपोआप बदलावी. प्रकल्प ३९ए च्या मोजणीनुसार २०२३ च्या अखेरीस देशभरात असे ५६१ कैदी होते. आणि पीडित कुटुंबाला खटल्याच्या प्रत्येक टप्प्याची माहिती, वकील आणि भरपाई हा हक्क म्हणून मिळावा. ही तरतूद नसेल तर विधेयक अपुरं आहे असं मी समजेन.

शेजारी पाहा. नेपाळने १९९० च्या संविधानातच फाशी बंद केली, भूतानने २००४ मध्ये. श्रीलंकेत १९७६ नंतर कोणाला फाशी दिली गेलेली नाही. या देशांत खून वाढून राज्यव्यवस्था कोसळली असं झालेलं नाही.

मतदार नाराज होतील ही भीती मी समजू शकते. सती आणि बालविवाहाविरुद्धचे कायदेही बहुमताची वाट पाहून झाले नव्हते. आपल्यापैकी जे वकील आहेत, त्यांनी तरी मतदारसंघातल्या सभेत नाशिकच्या त्या सहा जणांची हकीकत जशीच्या तशी सांगून पाहावी. लोक ऐकतात. मी महाविद्यालयांत, बचत गटांच्या बैठकांत ती सांगितली आहे, आणि सुरुवातीला हात वर करून फाशी मागणाऱ्या बायकाच नंतर विचारतात: मग त्या फोटोतल्या चौघांचं काय झालं?

अधिवेशनात शुक्रवारी दुपारचे अडीच तास खाजगी (म्हणजे मंत्री नसलेल्या) सदस्यांच्या कामकाजासाठी असतात. विधेयकाची नोटीस देण्यासाठी एका सदस्याची सही पुरते. आपण ६७ जण आहात. येत्या अधिवेशनात ही नोटीस द्याल का, आणि देणार नसाल तर का नाही, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. आलेलं प्रत्येक उत्तर मी नावासह, एकही शब्द न बदलता, आमच्या बार रूमच्या फलकावर लावेन.

कळावे.

आपली,
सोलापूर सत्र न्यायालयातील एक वकील